जिल्ह्याजिल्ह्यांचे मृत्युदर : तुलना कशी करावी?

(एस. वाय. बी. ए.)

कोणत्याही प्रदेशाची लोकसंख्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तीन गोष्टींवर अवलंबून असते, हे आपण अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचतो आणि परीक्षेत लिहितो. यांपैकी मृत्यू हा विषय घरात कोणी काढत नाही. काढलाच तर वडीलधारी माणसे 'अभद्र बोलू नकोस' म्हणून गप्प करतात. परंतु समाजाचा अभ्यास करणाऱ्याला तो टाळता येत नाही. एखाद्या जिल्ह्यात पाणी कसे आहे, रस्ता आहे की नाही, डॉक्टर किती कोसांवर आहे, बाळंतिणीला काय खायला मिळते, या सर्वांची एकत्रित साक्ष तेथील मृत्यूंचे आकडे देत असतात. त्यामुळे जिल्ह्यांची त्या आकड्यांवरून यादी लावावी आणि कोण पुढे, कोण मागे हे ठरवावे, असा मोह सहज होतो. अशी यादी लावणे सोपे आहे; परंतु ती बरोबर लावायची तर काही पथ्ये पाळावी लागतात. ती न पाळल्यास दोष भलत्याच जिल्ह्याच्या माथी येतो, आणि ज्या जिल्ह्याकडे खरोखर धावून जायला हवे तो यादीत सुरक्षित दिसत राहतो. ही पथ्ये कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. मृत्युदर म्हणजे काय?

एका वर्षात झालेल्या एकूण मृत्यूंना त्या वर्षाच्या मध्यावरील लोकसंख्येने भागून हजाराने गुणले की जो आकडा येतो, तो 'ढोबळ मृत्युदर' होय. १९७१ साली भारताचा ढोबळ मृत्युदर दर हजारी १४.९ होता आणि महाराष्ट्राचा १२.३. २०१९ साली, म्हणजे करोनाच्या आदल्या वर्षी, हे आकडे अनुक्रमे ६.० आणि ५.४ इतके खाली आले होते. देवीचे उच्चाटन, लसीकरण, हिवतापविरोधी मोहीम, क्षयावरील औषधे, रेशनचे धान्य, नळाचे पाणी, मुलींचे शिक्षण अशा अनेक कारणांचे हे फळ आहे.

हे आकडे येतात कोठून? आपल्याकडे दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे भारताच्या महानिबंधकांची 'नमुना नोंदणी पद्धती'. निवडक गावांत आणि शहरांतील निवडक भागांत स्थानिक गणक जन्ममृत्यूंची सतत नोंद ठेवतो आणि दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्रपणे येऊन ती पडताळतो. वर दिलेले आकडे याच पद्धतीचे आहेत. मात्र ते राज्यापुरते असतात. त्यांतून जिल्ह्याचा मृत्युदर मिळत नाही. दुसरी वाट जन्म-मृत्यू नोंदणीची. १९६९ च्या कायद्याने ही नोंदणी सक्तीची झाली आणि महाराष्ट्रात तो कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. खेड्यात ग्रामसेवक हाच निबंधक असतो आणि मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत त्याला द्यावी लागते. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करायची तर बहुधा याच दुसऱ्या वाटेने जावे लागते, आणि या वाटेवर खाचखळगे पुष्कळ आहेत.

२. केरळचे कोडे

जिल्ह्यांकडे वळण्यापूर्वी दोन राज्यांचे उदाहरण घेऊ, म्हणजे मुख्य अडचण ध्यानात येईल. २०१९ साली केरळचा ढोबळ मृत्युदर दर हजारी ७.१ होता आणि बिहारचा ५.५. केवळ या आकड्यांवर निकाल द्यायचा झाला, तर केरळपेक्षा बिहारमध्ये माणसे अधिक सुखरूप जगतात असे म्हणावे लागेल!

परंतु त्याच वर्षीचा अर्भक मृत्युदर पाहा. जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी वर्षाच्या आत दगावणाऱ्यांची संख्या केरळात ६ होती आणि बिहारमध्ये २९. सरासरी आयुर्मान केरळात सुमारे ७५ वर्षे, तर बिहारमध्ये सुमारे ६९. मग केरळचा मृत्युदर जास्त का?

उत्तर लोकांच्या वयात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार केरळात साठ वर्षांवरील माणसे १२.६ टक्के होती आणि बिहारमध्ये ७.४ टक्के. जेथे माणसे दीर्घकाळ जगतात आणि मुले कमी जन्मतात, तेथे वृद्धांचे प्रमाण वाढते. आणि मृत्यू हा अखेर वृद्धांकडेच अधिक फिरकतो. केरळचा दर १९७१ साली ९.० होता, तो १९९१ साली ६.० पर्यंत उतरला आणि २०११ साली पुन्हा ७.० झाला. याचा अर्थ केरळची तब्येत बिघडली असा नाही, तर तेथील माणसे म्हातारी होण्याइतकी जगली असा आहे. तात्पर्य, ढोबळ मृत्युदर दोन गोष्टी एकत्र करून सांगतो : माणसे मरण्याचा धोका किती, आणि त्या ठिकाणी कोणत्या वयाची माणसे राहतात. या दोन गोष्टी सुट्या केल्याखेरीज तुलना करता येत नाही.

३. आपले कोकण

हाच न्याय आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांना लावून पाहू. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजार ८२५ वरून ८ लाख ४९ हजार ६५१ वर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना आपले दोन्ही जिल्हे दहा वर्षांत आकसले. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला.

ही माणसे कोठे गेली, हे कोकणातल्या मुलाला सांगावे लागत नाही. दहावी-बारावी झाली की मुंबई, ठाणे, पनवेल, पुणे. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. कर्ती माणसे चाकरमानी होऊन गेली. मागे राहिले आजी-आजोबा, घर सांभाळणाऱ्या स्त्रिया आणि शाळेतली मुले. नोकरी संपली की चाकरमानी गावी परततो. आजारपण आले की पुष्कळदा त्याआधीच परततो, कारण मुंबईच्या खोलीत आजारी माणसाला अंथरूण टाकायलाही जागा नसते. म्हणजे तारुण्याची वर्षे ठाण्या-मुंबईच्या हिशोबात जमा होतात आणि म्हातारपण कोकणाच्या हिशोबात. अशा जिल्ह्याचा ढोबळ मृत्युदर ठाण्याशेजारी ठेवून कोकणाचे आरोग्य वाईट ठरवणे हा अन्याय होय.

या लेखाच्या निमित्ताने मी आमच्या गावच्या नोंदवहीची पाने चाळली. पानेच्या पाने वयाच्या रकान्यात सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी असे आकडे होते. व्यवसायाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'शेती' किंवा 'घरकाम' होते. पण ज्यांना मी ओळखत होते त्यांतील कित्येकांनी उभी हयात गिरणीत, गोदीत नाहीतर कोणाच्या दुकानात घालवली होती. नोंदवहीला फक्त त्यांचा शेवटचा पत्ता ठाऊक होता.

४. समान मापाने मोजणे

मग खरी तुलना कशी करावी? त्यासाठी लोकसंख्याशास्त्रात 'प्रमाणित मृत्युदर' काढण्याची रीत आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊन ती समजावून घेऊ. 'अ' आणि 'ब' असे दोन जिल्हे आहेत आणि प्रत्येकाची लोकसंख्या एक लाख आहे असे मानू या.

जिल्हा अ : १४ वर्षांपर्यंतची मुले २०,०००, १५ ते ५९ वयाचे ६०,०००, साठ व त्यावरील २०,०००. दर हजारी मृत्यू अनुक्रमे २, ३ आणि ३५.

जिल्हा ब : मुले ३५,०००, मधल्या वयाचे ५८,०००, वृद्ध ७,०००. दर हजारी मृत्यू अनुक्रमे ४, ४ आणि ४५.

अ जिल्ह्यातील मृत्यू ४० + १८० + ७०० = ९२०; म्हणजे ढोबळ मृत्युदर ९.२. ब जिल्ह्यातील मृत्यू १४० + २३२ + ३१५ = ६८७; म्हणजे ढोबळ मृत्युदर सुमारे ६.९. वरवर पाहता ब जिल्हा बराच पुढे आहे. परंतु वयोगटांचे दर पुन्हा पाहा. ब जिल्ह्यातील मुलाला धोका दुप्पट आहे, तरुणाला जास्त आहे आणि म्हाताऱ्यालाही जास्त आहे. एकाही वयात ब चांगला नाही, तरी एकूण बेरजेत तो चांगला दिसतो.

आता दोन्ही जिल्ह्यांना एकच लोकसंख्या देऊ : मुले २८,०००, मधल्या वयाचे ६२,०००, वृद्ध १०,०००. हिला 'प्रमाण लोकसंख्या' म्हणतात. हिला प्रत्येक जिल्ह्याचे आपापले दर लावले, तर अ मध्ये ५६ + १८६ + ३५० = ५९२ मृत्यू होतात आणि ब मध्ये ११२ + २४८ + ४५० = ८१०. म्हणजे प्रमाणित मृत्युदर अ चा ५.९ आणि ब चा ८.१. चित्र पालटले! दोन व्यापाऱ्यांचा माल तोलायचा तर काटा एकच हवा, इतकी ही साधी गोष्ट आहे. यासाठी नववीच्या गणितापलीकडे काही लागत नाही. लागते ती फक्त वयानुसार मांडलेली माहिती.

५. नोंद कोठे झाली, आणि झाली का?

दुसरी अडचण ठिकाणाची. कायद्याप्रमाणे मृत्यू जेथे घडतो तेथील निबंधकाकडे त्याची नोंद होते. आमच्याकडचा रोगी जड झाला की त्याला कोल्हापूरला किंवा मुंबईला हलवतात. मिरजेच्या दवाखान्यांत तर कोकणाप्रमाणे कर्नाटकातूनही रोगी येतात. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात. त्यांतील जे वाचत नाहीत, त्यांचा मृत्यू त्या त्या शहराच्या वहीत चढतो. म्हणून जेथे मोठी रुग्णालये तेथे मृत्यू अधिक, असा उफराटा देखावा तयार होतो. मृताच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणानुसार नोंदी पुन्हा वाटून घेतल्याशिवाय त्या जिल्ह्यांची तुलना करू नये.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. नोंद झालीच नाही तर? म्हातारा माणूस गेला तर वारसासाठी, सात-बाऱ्यासाठी, विम्यासाठी, पेन्शनसाठी दाखला लागतो. म्हणून घरचे लोक ग्रामपंचायतीत जातात. दोन दिवसांच्या बाळासाठी कोणता दाखला लागतो? त्याच्या नावावर जमीन नसते. पुष्कळदा नावही नसते. माझ्या आजीला आठ मुले झाली आणि पाच जगली. उरलेल्या तिघांची आठवण आजीजवळ आहे, आणखी कोठेही नाही. ती गोष्ट कायद्याच्या आधीच्या काळातील आहे. परंतु दुर्गम पाड्यांवरील परिस्थिती कायद्यानंतरही एका दिवसात बदलली नाही. २००१ च्या सुमारास महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन बालमृत्यूंची गावोगाव मोजणी केली. 'कोवळी पानगळ' या नावाने तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. प्रत्यक्षातील बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक आहेत, हे त्याने राज्यापुढे आणले. ज्या जिल्ह्यात नोंद कमी, त्याचा मृत्युदर कागदावर कमी. म्हणजे जो जिल्हा सर्वांत दुर्लक्षित, तोच यादीत शाबासकी मिळवण्याची भीती असते.

यातच मृत्यूच्या कारणाचाही प्रश्न आहे. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. बाकीच्यांचे कारण 'ताप', 'म्हातारपण', 'छातीत दुखून' असे घरच्यांच्या शब्दांत राहते. त्यावरून अमुक जिल्ह्यात अमुक रोग जास्त, असे ठामपणे म्हणता येत नाही.

६. कल पाहताना

एका वर्षाच्या आकड्यापेक्षा अनेक वर्षांचा कल अधिक बोलका असतो, हे खरे. पण तेथेही सावध राहावे लागते.

एक तर अपवादाची वर्षे असतात. १८९६ नंतरची प्लेगची वर्षे, १८९९-१९०० चा दुष्काळ आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांनी मुंबई इलाख्यात हाहाकार उडवला. आपल्या पिढीने २०२० आणि २०२१ ही वर्षे पाहिली. करोनाने महाराष्ट्रात सुमारे १ लाख ४८ हजार मृत्यू झाल्याची अधिकृत नोंद आहे आणि ती देशात सर्वाधिक आहे. अशी वर्षे कलाच्या सुरुवातीला किंवा शेवटाला धरली, तर प्रगती किंवा अधोगती हवी तशी दाखवता येते.

दुसरे म्हणजे जिल्ह्यांच्या सीमा बदलतात. १९६० साली राज्यात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून आणि पालघर २०१४ साली ठाण्यातून. २०१४ नंतर ठाण्याचे आकडे सुधारलेले दिसले, तर ती सुधारणा किती आणि जव्हार-मोखाड्याचे पाडे हिशोबातून बाहेर गेल्याचा परिणाम किती, हे विचारलेच पाहिजे.

तिसरे म्हणजे लहान संख्या. एखाद्या लहान तालुक्यात एका वर्षी चार मृत्यू अधिक झाले तरी दर उसळी मारतो. म्हणून तीन किंवा पाच वर्षांची सरासरी घेऊन मग बोलावे.

७. गडचिरोलीचा धडा

वरील सर्व पथ्ये पाळून झालेल्या तुलनेचे एक उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावे तुलनेसाठी घेतली. दोन्हीकडे प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची मोजणी केली. १९९३ ते १९९५ या काळात प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर दर हजारी ६२ होता. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत केले. त्यांनी बाळाला ऊब देणे, वजन करणे, श्वास कोंडल्यास उपाय करणे, जंतुदोष ओळखून औषध देणे ही कामे केली. १९९७-९८ पर्यंत तो दर सुमारे २५ वर आला. तुलनेच्या गावांत मात्र तो जवळपास होता तेथेच राहिला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ साली आशा कार्यकर्तींच्या मार्फत घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभर स्वीकारला गेला.

यात तुलनेच्या दृष्टीने काय शिकण्यासारखे आहे? एकाच वयाची तुलना केली, म्हणून वयाच्या रचनेचा घोळ झाला नाही. नोंद पूर्ण केली, म्हणून लपलेले मृत्यू बाहेर आले. शेजारची तशीच गावे समोर ठेवली, म्हणून सुधारणा काळाच्या ओघाने झाली की प्रयत्नाने, हे कळले. जिल्हा मागास म्हणून सोडून दिला असता तर यांतले काहीच घडले नसते.

इंग्लंडमध्ये १८३७ साली मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली. तेथील विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने तिच्या आधारे वेगवेगळ्या जिल्ह्यांची तुलना केली. ज्या निरोगी जिल्ह्यांत दर हजारी मृत्यू १७ च्या वर जात नव्हते, त्यांना त्याने माप मानले आणि बाकीच्या ठिकाणी त्याहून जे अधिक मृत्यू होतात ते टाळता येण्याजोगे आहेत, असे मांडले. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. जिल्ह्यांची तुलना कोणाला नंबर देण्यासाठी करायची नसते. जे एका जिल्ह्यात जमले ते दुसऱ्यात का जमू नये, हा प्रश्न विचारण्यासाठी ती करायची असते. आपल्या राज्यातील ज्या जिल्ह्यात बाळे सर्वांत कमी दगावतात, तो जिल्हा माप मानावा आणि इतर प्रत्येक जिल्ह्याने त्या मापाने आपल्याकडे किती बाळे वाचू शकली असती याचा आकडा काढावा. तो आकडा कोणत्याही क्रमवारीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आकडेशास्त्र म्हणजे रूक्ष विषय, अशी माझीही समजूत होती. परंतु प्रत्येक दर हजारी आकड्यामागे कोणाच्या तरी घराचे दार असते, आणि तो आकडा चुकीचा मांडला तर त्या दारापर्यंत मदत पोचत नाही, हे या अभ्यासातून उमगले. आपल्या महाविद्यालयात तालुक्याच्या गावोगावहून विद्यार्थी येतात. प्रत्येकाने सुटीत आपल्या गावची गेल्या पाच वर्षांची नोंदवही ग्रामसेवकाच्या परवानगीने पाहून, नावे न घेता, केवळ वयानुसार मृत्यूंची मांडणी केली, तर अर्थशास्त्र आणि भूगोल विभागांना मिळून आपल्या तालुक्याचा प्रमाणित मृत्युदर काढता येईल. आणि नोंदवहीत नसलेल्या बाळांबद्दल गावातल्या सुईणींना, आशाताईंना आणि आजीबाईंना विचारायलाही आपल्याइतके जवळचे दुसरे कोण आहे?